खत विरघळत नाही? आधी पाण्याचा ताप बघा: ड्रिपच्या खतांसाठी पायरीपायरीनं

डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात थोडा वेळ थांबलात, तर एक तक्रार हमखास कानावर पडते. "दादा, ह्या १३:०:४५ मध्ये भेसळ आहे. हात दुखेस्तोवर ढवळलं, तरी निम्मं बादलीच्या तळाला." (१३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट हे खत; आकडे नत्र, स्फुरद आणि पालाशाच्या टक्क्यांचे.) दुकानदार म्हणतो कंपनीला विचारा, कंपनीचा माणूस म्हणतो नीट ढवळा. बहुतेक वेळा गोणीतही खोट नसते आणि ढवळण्यातही नसते. हे खत विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतं, पाणी गार पडतं, आणि गार पाण्यात तेच खत कमी विरघळतं. थोडक्यात, खत स्वतःच स्वतःची वाट अडवतं.

हे एकदा समजलं की किती पाणी घ्यायचं, कधी घ्यायचं आणि कशात काय मिसळायचं नाही, हे कुणाला विचारत बसावं लागत नाही. खाली जे सांगतो आहे ते ड्रिपमधून, म्हणजे ठिबक सिंचनातून, विद्राव्य (पाण्यात विरघळणारी) खतं सोडणाऱ्यांसाठी आहे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांनाही यातले प्रयोग वर्गात करता येतील. द्रावण आणि उष्णता हा धडा खताच्या पुडीवर जितका चांगला समजतो तितका फळ्यावर समजत नाही.

हाताशी काय हवं

तापमापी आधी घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो लाल द्रवाचा काचेचा चालेल, किंवा सळई बुडवायचा डिजिटल. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो ३५ अंशांच्या खाली वाचतच नाही. नवा आणलात तर पेल्यात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी घालून त्यात पाच मिनिटं धरा. शून्य किंवा त्याच्या अर्धा-एक अंश इकडेतिकडे दाखवायला हवं. दोन-तीन अंश चुकत असेल तर तेवढी चूक लक्षात ठेवून पुढे वापरा, फेकायची गरज नाही.

बाकी स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा, एक लिटरचं मोजपात्र, पाण्याच्या तीन-चार रिकाम्या पारदर्शक बाटल्या आणि पीएचच्या कागदी पट्ट्या. बस.

पायरी १: पाण्याचा ताप घ्या

खोल विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वर्षभर फारसं बदलत नाही, आपल्याकडे ते साधारण २५ अंशांच्या आसपास येतं. म्हणूनच ते थंडीत कोमट आणि उन्हाळ्यात गार लागतं. पण तेच पाणी रात्रभर उघड्यावरच्या टाकीत उभं राहिलं, तर सकाळी ते हवेच्या जवळ गेलेलं असतं. निफाडला थंडीच्या लाटेत किमान तापमान एक आकडी होतं हे दरवर्षी बातम्यांत येतं. अशा सकाळी टाकीतलं पाणी १३-१४ अंशांवर असणं काही नवल नाही.

हा दहा-बारा अंशांचा फरक फुकट मिळणारी उष्णता आहे. सकाळी खत कालवायचं असेल तर रात्रीची टाकी वापरू नका, मोटर चालू करून ताजं पाणी घ्या. निम्म्या लोकांचं काम इथेच भागेल.

पायरी २: कोणतं खत किती विरघळतं, ते पाहा

ठरावीक तापमानाला ठरावीक पाण्यात पदार्थाची जास्तीत जास्त जेवढी मात्रा विरघळते, ती त्याची विद्राव्यता. तेवढी भरली की द्रावण संपृक्त झालं; पुढचा प्रत्येक दाणा तळाला. खालचे आकडे १०० लिटर पाण्यात किती किलो, असे वाचा. शुद्ध पदार्थाचे आहेत, थोडे गोळाबेरीज केलेले.

युरिया: १० अंशांना ८५, २० ला १०८, ३० ला १३३.
१३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट): १० ला २१, २० ला ३२, ३० ला ४५.
१२:६१:० (मोनो अमोनियम फॉस्फेट): १० ला २९, २० ला ३७, ३० ला ४६.
०:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट): १० ला १८, २० ला २२, ३० ला २८.
पांढरा पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड): १० ला ३१, २० ला ३४, ३० ला ३७.
०:०:५० (पोटॅशियम सल्फेट): १० ला ९, २० ला ११, ३० ला १३.

यात दोन गोष्टी नजरेत भरतात. ०:०:५० चे आकडे मुळातच लहान आहेत. ते पाणी गरम करूनही फार वाढत नाहीत. तिथे एकच उपाय, भरपूर पाणी. आणि १३:०:४५ ची उडी बघा: १० ते ३० अंशांत दुपटीहून जास्त. जे खत तापमानाला एवढं हळवं आहे, तेच थंडीत सगळ्यात जास्त त्रास देणार हे उघड आहे. जेवणातल्या मिठाशी तुलना करा: १०० लिटरला शून्य अंशाला साधारण ३५.७ किलो आणि उकळत्या पाण्यात ३९. मिठाला थंडी-ऊन सारखंच.

आणखी एक घोटाळा इथेच मिटवू. विरघळण्याचा वेग वेगळा आणि विरघळण्याची मर्यादा वेगळी. ढवळल्यानं, खडे फोडल्यानं वेग वाढतो. मर्यादा तसूभरही वाढत नाही. संपृक्त बादली संध्याकाळपर्यंत ढवळली तरी तळाचं खत तळालाच राहील.

पायरी ३: खत किती गार करणार, त्याचा हिशेब

क्षाराच्या स्फटिकात धन आणि ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सुटे करायला ऊर्जा लागते. सुटे झालेले आयन पाण्याच्या रेणूंनी वेढले जातात, तेव्हा ऊर्जा परत मिळते. मिळालेली ऊर्जा जास्त असली तर द्रावण तापतं, ती प्रक्रिया उष्मादायी. खर्च जास्त असला तर तूट पाण्याच्या उष्णतेतून भरून निघते आणि पाणी गार होतं, ती उष्माग्राही. वर दिलेली सगळी खतं दुसऱ्या गटातली आहेत. पोटॅशियम आणि नायट्रेट हे दोन्ही आयन मोठे आणि एकाच भाराचे असल्यामुळे पाणी त्यांना फार घट्ट धरत नाही, परतफेड कमी पडते, म्हणून १३:०:४५ ची तूट मोठी. युरियात आयन नाहीत, पण त्याच्या रेणूंचे स्फटिकातले बंध तोडायलाही असाच खर्च येतो.

आता आकडे. एक किलो पोटॅशियम नायट्रेट भरपूर पाण्यात विरघळताना सुमारे ३४५ किलोज्यूल उष्णता खेचतं. एक लिटर पाणी एका अंशानं गार करायचं तर ४.१८ किलोज्यूल काढावे लागतात. ३४५ भागिले ४.१८ म्हणजे ८२. याचा अर्थ एक किलो खत ८२ लिटर पाणी एका अंशानं गार करतं, किंवा ८.२ लिटर पाणी दहा अंशांनी. युरियाचा हाच आकडा ६० आहे, पोटॅशियम क्लोराइडचा ५५. दाट द्रावणात हे आकडे थोडे उतरतात, कारण विरघळलेलं खतही सोबत गार व्हावं लागतं आणि दाटी वाढेल तशी दर किलोमागची ओढही कमी होते. बादलीतल्या दाट कालवणासाठी १३:०:४५ चा आकडा ६५ धरा, युरियाचा ४५, पोटॅशचा ४०.

म्हणजे हिशेब असा: खताचे किलो गुणिले हा आकडा, भागिले पाण्याचे लिटर. उत्तर आलं ते अंशांतली घट.

हा हिशेब त्या तक्रारीच्या बादलीला लावून बघू. पाच किलो १३:०:४५, पंधरा लिटर पाणी, सुरुवातीचं तापमान १३. तक्ता सांगतो की १३ अंशांना १०० लिटरमध्ये २४ किलोच्या आसपास विरघळतं, म्हणजे पंधरा लिटरमध्ये साडेतीन किलो तरी जायला हवं. प्रत्यक्षात तेवढंही जात नाही. रसायनशास्त्राच्या जुन्या कोष्टकांत एक मोजमाप दिलेलं असतं: १३.२ अंशांच्या १०० भाग पाण्यात १६ भाग पोटॅशियम नायट्रेट विरघळवलं की पाणी ३ अंशांवर उतरतं. आणि ३ अंशांना या क्षाराची विद्राव्यता किती? पंधरा-सोळाच. तिथे गाडी थांबली. पंधरा लिटरच्या बादलीत २.४ किलो गेलं, २.६ किलो तळाला. निम्म्याहून जास्त.

हीच बादली उन्हात ठेवून दुपारी पाहिली, तर पाणी २५ वर आलेलं असतं आणि तळ रिकामा. सकाळची भेसळ दुपारी गायब.

युरिया त्याच बादलीत टाकून बघा. पाच किलो युरियाही पाणी पंधरा अंशांनी खाली नेतो, बादली शून्याच्या आसपास येते, दमट सकाळी बाहेरून दव धरते. पण शून्य अंशालाही १०० लिटरमध्ये ६७ किलो युरिया विरघळतो, आणि आपण टाकला तो १०० ला ३३ च्या हिशेबानं. त्यामुळे तो गार करूनही पूर्ण विरघळतो. गार पडणं ही एक गोष्ट, अडून बसणं ही दुसरी. दोन्ही एकत्र आल्या तरच तळाला थर दिसतो.

जाता जाता: हा गारवा आपल्याकडे फार पूर्वीपासून ओळखीचा आहे. पोटॅशियम नायट्रेट म्हणजेच सोरा. अकबराच्या काळात बर्फ नसेल तेव्हा पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकून त्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई फिरवत, अशी नोंद आईन-ए-अकबरीत आहे. ते प्रमाण १०० ला ५० पडतं, विरघळण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. त्यांना गारवाच हवा होता, तळाला उरलेल्या सोऱ्याची चिंता नव्हती. आपल्याला उलट हवं आहे.

पायरी ४: पेल्यात करून बघा

थर्मोकोलचे दोन पेले एकात एक घाला. त्यात १०० मिलिलिटर पाणी, तापमापी, दोन मिनिटं थांबून वाचन. मग १० ग्रॅम खत एकदम टाका, काडीनं हलवत राहा आणि सगळ्यात खालचं वाचन लिहून ठेवा. १३:०:४५ साठी साडेसहा-सात अंशांची घट यायला हवी, युरिया आणि पांढऱ्या पोटॅशसाठी पाचच्या आसपास, मिठासाठी एखादा अंश. काचेचा पेला घेतलात तर काच आपली उष्णता पाण्याला देते आणि घट कमी दिसते, म्हणून थर्मोकोल.

वर्गात करणार असाल तर एक जोडी जरूर दाखवा: खताच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट आणि तेच तव्यावर भाजून कोरडं केलेलं. दुकानातल्या खड्यात प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सात रेणू आधीच बांधलेले असतात. ते विरघळताना पाणी किंचित गार होतं. भाजून ते पाणी उडवलेली भुकटी टाकली की द्रावण चांगलंच गरम होतं. पदार्थ तोच, पण एकाला पाण्यानं आधीच वेढलंय, दुसऱ्याला आत्ता वेढलं जातंय. वेढलं जाताना ऊर्जा मिळते हे यापेक्षा सोप्या रीतीनं पटवता येत नाही. मुलांना भुकटी हातात देऊ नका, डबा घट्ट बंद ठेवा, नाहीतर हवेतली ओल पिऊन ती पुन्हा पहिल्यासारखी होते.

पायरी ५: बादलीचा योग्य नुस्खा

पाच किलो १३:०:४५ साठी तीन पर्याय.

रात्रीचं १३ अंशांचं पाणी असेल तर कमीत कमी ३१ लिटर लागतं. सुरक्षित म्हणून ४० घ्या. बोअरचं २५ अंशांचं ताजं पाणी असेल तर २५ लिटरमध्ये जमतं: घट १३, पाणी १२ वर येतं, तिथे मर्यादा २२-२३ आणि आपलं प्रमाण २०. थोडी ढील हवी म्हणून ३० लिटर म्हणू. तिसरा पर्याय सोलरच्या किंवा बंबाच्या पाण्याचा. ६५ अंशांचं १० लिटर आणि १३ अंशांचं १० लिटर मिसळलं की २० लिटर पाणी ३९ अंशांवर मिळतं. त्यात पाच किलो टाकलं की पाणी उतरून २३-२४ वर थांबतं, आणि त्या तापमानाला १०० लिटरमध्ये ३५ किलो मावतं. आपलं प्रमाण २५. आरामात.

याहून जास्त गरम करण्यात फायदा नाही. युरिया किंवा युरिया असलेलं मिश्रण तर उकळत्या पाण्यात टाकूच नका. गरम पाण्यात युरियाचं विघटन होऊन अमोनिया सुटायला लागतो, म्हणजे नत्र हवेत.

माझं स्पष्ट मत विचाराल तर बादलीची पायरीच बऱ्याच ठिकाणी अनावश्यक आहे. २०० लिटरच्या टाकीत पाच किलो खत म्हणजे अडीच टक्के. घट जेमतेम दोन अंशांची. अडचण एवढीच की टाकीत टाकलेलं खत तळाला जाऊन बसतं आणि काठी तिथवर नीट पोचत नाही. त्यावर उपाय म्हणजे खत सुती पिशवीत भरून टाकीच्या तोंडाशी, पाण्याच्या वरच्या थरात टांगायचं. विरघळलेलं द्रावण जड असतं आणि गारही असतं, ते आपोआप खाली उतरतं; त्याच्या जागी ताजं पाणी पिशवीपाशी येतं. पारदर्शक बरणीत करून बघितलंत तर पिशवीखालून खाली वाहणाऱ्या तलम, लहरत्या रेषा दिसतात. शेवटी एकदा काठी फिरवून टाकीभर सारखं करून घ्या, नाहीतर तळाशी दाट आणि वर फिक्कं अशीच स्थिती राहते.

पायरी ६: कोणाला कोणाबरोबर बसवू नये

आतापर्यंत एकेकट्या खताचं झालं. दोन खतं एकत्र आली की वेगळाच प्रश्न येतो. प्रत्येक खत एकटं छान विरघळतं, पण पाण्यात सुटे फिरणारे आयन एकमेकांना भेटून न विरघळणारा तिसराच पदार्थ तयार करतात. हा अवक्षेप. शेतकरी त्याला साका म्हणतात.

कॅल्शियम नायट्रेट हा यातला मुख्य. त्याच्याबरोबर १२:६१:० किंवा ०:५२:३४ आलं की कॅल्शियम फॉस्फेट बनतं, दह्याच्या निवळीसारखं गढूळ. मॅग्नेशियम सल्फेट, ०:०:५०, अमोनियम सल्फेट यांच्याबरोबर आलं की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम. जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, त्यामुळे पातळ द्रावणात कधी कधी काही दिसत नाही आणि लोकांना वाटतं चालतं. टाकीतल्या दाट द्रावणात तो नक्की बसतो. नियम एकच: कॅल्शियमची टाकी वेगळी, फॉस्फेट आणि सल्फेटची वेगळी. दोन टाक्या नसतील तर वेगवेगळ्या दिवशी द्या आणि मध्ये लाइन साध्या पाण्यानं धुवा.

एक कमी माहितीचा प्रकार: १३:०:४५ आणि ०:०:५० एकाच टाकीत. साका होत नाही, पण दोघांतही पोटॅशियम आहे. द्रावणात आधीच पोटॅशियम भरपूर असलं की पोटॅशियम सल्फेटला जागा कमी उरते आणि ते तक्त्यातल्या आकड्यापेक्षाही कमी विरघळतं. टाकायचंच असेल तर आधी ०:०:५० पूर्ण विरघळू द्या आणि पाणी सढळ ठेवा.

शंका असेल तर बाटलीची चाचणी करा. आपल्याच विहिरीचं एक लिटर पाणी पारदर्शक बाटलीत घ्या, टाकीत असेल त्याच प्रमाणात दोन्ही खतं टाका, हलवा आणि दोन तास ठेवा. उजेडासमोर धरल्यावर पाणी दुधाळ दिसलं किंवा तळाला बारीक थर बसला, तर ते मिश्रण ड्रिपमध्ये जाऊ देऊ नका. पिण्याच्या बाटलीबंद पाण्यात ही चाचणी करू नका, कारण खरा खोडकर बहुधा आपल्या बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम असतो. डीएपीचं (डाय अमोनियम फॉस्फेटचं) द्रावण किंचित अल्कधर्मी असतं, जड पाण्यात ते हमखास गढूळ होतं. १२:६१:० आणि ०:५२:३४ आम्लधर्मी आहेत, म्हणून जड पाण्यातही बरे वागतात.

लाल पोटॅशबद्दलही सांगून टाकतो. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि ते पाण्यात विरघळत नाही. जमिनीतून द्यायला हरकत नाही, ड्रिपला पांढराच घ्या.

पायरी ७: उरलेलं द्रावण रात्रीवर टाकू नका

दुपारी ३० अंशांच्या पाण्यात कुणी १०० लिटरला ३५ किलो १३:०:४५ नीट, निवांत विरघळवलं. वीज गेली, काम दुसऱ्या दिवसावर गेलं. पहाटे टाकी १० अंशांवर आली, आता १०० लिटरमध्ये २१ किलोच मावतं. उरलेले १४ किलो स्फटिक होऊन तळाला आणि कडांना, लांब सुयांसारखे. टाकीत असतील तर ऊन आल्यावर परत विरघळतील. पण तेच द्रावण व्हेंच्युरीच्या (खत लाइनमध्ये ओढून घेणाऱ्या) नळीत किंवा फिल्टरमध्ये उभं असेल तर सकाळी लाइन चोंदलेली मिळते. म्हणून खत संपल्यावर किमान दहा-पंधरा मिनिटं साधं पाणी सोडल्याशिवाय मोटर बंद करू नका.

खरी भेसळ कशी ओळखाल

तळाला उरलेलं फेकून देऊ नका. वरचं पाणी ओतून द्या, मूठभर गाळ एक लिटर कोमट पाण्यात, ३५-४० अंशांच्या, टाका आणि हलवा. पूर्ण विरघळला तर खत चांगलं, दोष गारव्याचा. वाळू, राखाडी माती किंवा चुनखडीसारखं काही शिल्लक राहिलं तर मात्र गोणीवर शंका घ्यायला जागा आहे. पेल्यातली गारव्याची चाचणीही कामाला येते: १३:०:४५ म्हणून विकलेल्या दहा ग्रॅमनं १०० मिलिलिटर पाणी एखाद्याच अंशानं गार केलं, तर त्यात दुसरंच काही, कदाचित मीठ, आहे असं समजा. हा पुरावा नव्हे, फक्त इशारा. पुढे बिल, गोणी आणि न उघडलेली दुसरी गोणी असेल तर ती घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या. खत नियंत्रण आदेश १९८५ नुसार नमुना काढायचा अधिकार खत निरीक्षकाला असतो. तुम्ही उघड्या गोणीतून भरून नेलेली पुडी त्या कामाला येत नाही.

पायरी ८: ड्रिप धुताना उलटा खेळ

ड्रिपरच्या तोंडाशी बसलेला पांढरा थर काढायला आम्ल वापरतात. इथे सगळं उलटं होतं, आम्ल पाण्यात मिसळताना तापतं, आणि सल्फ्युरिक आम्ल तर फारच. दहा लिटर पाण्यात एक लिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल गेलं की सगळी बादली सुमारे ३० अंशांनी वर चढते. दहा लिटर पाणी एवढी उष्णता झेलू शकतं म्हणून निभावतं. उलट केलं, म्हणजे आम्लात पाणी ओतलं, तर ती सगळी उष्णता वरच्या थोड्याशा पाण्यात साठते, ते जागच्या जागी उकळतं आणि आम्लासकट अंगावर उडतं. म्हणून आधी पाणी, मग आम्ल. बारीक धारेनं, प्लास्टिकच्या बादलीत, चष्मा आणि रबरी हातमोजे घालून. आम्लाची बादली आणि ब्लीचिंग पावडर किंवा हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

आम्ल ओतण्याआधी थर कसला आहे ते बघा. चोंदलेला ड्रिपर कापा, थरावर पातळ आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर कार्बोनेट. जड पाण्यातलं बायकार्बोनेट उन्हात तापलेल्या नळीत फुटून कार्बोनेट बनतं, सोलरच्या टाकीत बसतो तोच थर. यावर आम्ल छान चालतं. फसफसलं नाही पण हळूहळू विरघळलं तर फॉस्फेट. ना फसफस ना विरघळणं, तर जिप्सम किंवा माती. त्यावर आम्लाचा पैसा वाया जातो, ड्रिपर बदलणंच स्वस्त पडतं. बुळबुळीत, तपकिरी थर असेल तर ते शेवाळ किंवा जिवाणू, त्यांचं काम क्लोरीनचं, आणि तेही वेगळ्या दिवशी.

आम्ल किती घ्यायचं हे शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरवू नका, त्याचं पाणी वेगळं. आपल्या पाण्याचं एक लिटर घ्या, त्यात पातळ केलेलं आम्ल मिलिलिटर-मिलिलिटरनं टाकत पीएच पट्टी ४ दाखवेपर्यंत जा आणि लागलेलं आम्ल मोजा. लाइनमधून ताशी किती लिटर पाणी जातं ते माहीत असेल तर पुढचा गुणाकार सोपा आहे. शेवटच्या ड्रिपरपाशी पट्टी ४ च्या आसपास आली की मोटर बंद करून आम्ल लाइनमध्ये काही वेळ मुरू द्या, मग लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि पट्टी पहिल्या पाण्याचा पीएच दाखवेपर्यंत धुवा. खत सोडायला दुसऱ्या दिवशी हरकत नाही.